कुत्रा, द्राक्षं आणि चिंच

"आमचा मोत्या लहानपणापासून द्राक्षं खातो, त्याला कधी काही झालं नाही." सांगली-तासगावकडे प्राण्यांच्या डॉक्टरला हे वाक्य ऐकावंच लागतं. सांगणारा खोटं बोलत नसतो, म्हणून तर त्याला पटवणं अवघड. आज कुत्र्यांना कोणती फळं द्यावीत यावर बोलायचं आहे, पण बहुतेक फळांचा निकाल मी लवकर लावणार आहे. वेळ राखून ठेवलाय तो द्राक्षांसाठी.

केळं, कलिंगड, पपई, सफरचंद, यांच्या बिया-साली काढून दोन-चार फोडी दिल्या तर काही बिघडत नाही. चिकूही चालतो, पण तो फार गोड. कुत्रं जाडं असेल किंवा त्याला मधुमेह असेल तर नकोच. सीताफळाचा गर चालेल, बी मात्र चावू देऊ नका. ती बी वाटून पूर्वी उवा मारायला लावत, यावरून काय ते समजा.

आंब्यात भीती गराची नाही, बाठ्याची आहे. मे महिन्यात एक लॅब्राडोर आणला होता. खाल्लेलं सगळं उलटून पडत होतं, शी बंद. पोट उघडलं तर लहान आतड्यात अख्खा बाठा रुतून बसलेला, त्याचे दोरे अजून तसेच चिकटलेले, आणि त्याच्या मागचं आतडं फुगून जांभळं पडलेलं. घरात आमरस झाला होता, बाठे उघड्या बादलीत होते, एवढीच गोष्ट. आंब्याच्या दिवसांत कचऱ्याला झाकण ठेवा, यापलीकडे मी काही सांगत नाही.

आता द्राक्षं. द्राक्षं आणि बेदाणे खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेच्या विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी 2001 साली प्रसिद्ध केलं. तोवर लोक बक्षीस म्हणून कुत्र्याला द्राक्ष देत. आधी संशय फवारणीवर गेला, मग बुरशीवर, जड धातूंवर. तपासण्यांत काही सापडेना. खरा धागा हाती लागला तो भलतीकडेच: मुलांना खेळायला घरी मळलेली कणीक खाऊन एक कुत्रं तसंच आजारी पडलं. त्या कणकेत 'क्रीम ऑफ टार्टर' होतं, म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार. द्राक्षातही तेच आम्ल भरपूर असतं. 2021 साली त्याच केंद्रातल्या डॉक्टरांनी हा तर्क मांडला, आणि आज तोच सगळ्यात सबळ मानला जातो.

मोत्याचं कोडं इथं सुटतं. हे आम्ल प्रत्येक द्राक्षात सारखं नसतं. जात, हवा, पिकण्याची पायरी, यांवर ते बदलतं. कच्च्या मण्यात जास्त. शिवाय कुत्र्याकुत्र्यातही फरक. म्हणून एक कुत्रं मूठभर खाऊन शेपूट हलवत फिरतं आणि दुसरं थोड्याशा मण्यांनीही दगावतं. "इतके मणी चालतील" असा आकडा मला कुणी विचारू नये, कारण सुरक्षित असा आकडाच नाही. मोत्याला इतके दिवस काही झालं नाही, हे त्याचं नशीब. बेदाण्यात पाणी उडून सगळं आटलेलं, म्हणजे धोका आणखी दाट. बेदाणा वाळवायच्या शेडवर राखणीला कुत्री ठेवता ना? रॅकखाली सांडलेला माल झाडून घेत चला. सत्यनारायणाचा शिरा आणि नाताळचा केकही याच हिशेबात धरा.

आणि चिंच. तिच्यातही टार्टारिक आम्ल ठासून भरलेलं असतं, आणि चिंच खाऊन कुत्र्यांना तसाच त्रास झाल्याच्या नोंदी 2022 मध्ये प्रसिद्ध झाल्या आहेत. कोळून टाकलेला चोथा, उघडा पडलेला चिंचेचा गोळा, लहान मुलांच्या हातची चिंच-गुळाची गोळी, यांच्याकडे आपलं लक्षच नसतं. आपण चिंच रोज खातो, आपल्याला ती बाधत नाही. कुत्र्याच्या मूत्रपिंडाला मात्र हे आम्ल नीट बाहेर टाकता येत नाही, ते तिथल्या पेशींत साचतं.

खाल्लंच तर? लक्षणांची वाट पाहू नका. पहिल्या एक-दोन तासांत आलात तर आम्ही इंजेक्शन देऊन उलटी करवतो, ते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्या मिठानंच कुत्री दगावतात. उतारा म्हणून औषध नाही. दोन दिवस सलाईन लावून मूत्रपिंडं चालू ठेवायची, इतकंच हातात असतं. उलट्या साधारण पहिल्या दिवसात होतात. मग कुत्रं मलूल होतं, जेवण टाकतं, आणि लघवी कमी होऊ लागली की आम्हीही घाबरतो. पहिल्या दिवशी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं किती काम करतात ते दाखवणारा आकडा, चांगलं आलं म्हणून घरी न्यायची घाई करतात लोक. मूत्रपिंडाचं बरंच काम बंद पडेपर्यंत तो आकडा हलत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी रक्त पुन्हा तपासायचं, कुत्रं कितीही खुशीत दिसत असलं तरी.