ढगात ठेवलेली पेटी

श्रोतेहो, नमस्कार. स्वारगेटहून महाबळेश्वरची एसटी धरून आणि पसरणीचा घाट चढून गेल्या जुलैमध्ये मी डोंगरमाथ्यावरील वेधशाळेत पुन्हा रुजू झाले. पूर्वी प्रशिक्षणार्थी होते, आता निरीक्षक आहे. काम तेच आहे. सकाळी 8.30 वाजता पर्जन्यमापकातील पाणी मोजायचे आणि पांढऱ्या, झडपांच्या स्टीव्हन्सन पेटीतील तापमापक वाचायचे; फक्त आता नोंदीपुढे सही माझी असते.

पहिल्या खेपेची एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. त्या पेटीत दोन तापमापक शेजारी शेजारी असतात, एक कोरडा आणि दुसरा ओला, म्हणजे ज्याच्या फुग्याला भिजलेली मलमल गुंडाळलेली असते. मलमलीवरचे पाणी उडते, म्हणून ओल्याचा पारा खाली राहतो. त्या सकाळी दोन्ही पारे 18.4 अंशांवर होते. मी मलमल बदलली, पाणी बदलले, दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलले. तिसऱ्या दिवशीही आकडे सारखेच आल्यावर मी शेऱ्याच्या रकान्यात शाईने, ठसठशीत अक्षरांत लिहिले : ‘ओला तापमापक नादुरुस्त’. तेथील ज्येष्ठ निरीक्षकांनी ते वाचून चष्मा काढला आणि विचारले, “पोरी, पावसाळ्यात तुमच्या घरचा माठ गार होतो का गं?” “नाही होत,” मी म्हणाले. “का नाही होत?” मी उत्तर देऊ लागले आणि अर्ध्यावरच थांबले. खिडकीतून पेटी दिसत नव्हती. ती ढगात होती, आणि तीन दिवस मीही ढगातच उभी राहून ती वाचत होते. हवेत वाफ मावेल तेवढी भरली की मलमलीवरचे पाणी उडत नाही. पाणी उडत नाही, म्हणून पारा उतरत नाही.

पर्यटक याला धुके म्हणतात, ते मला पटत नाही; वाईत उभे राहून वर पाहिले, तर तोच ढग दिसतो. ढग असे हाताशी येतात, म्हणूनच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने 2012 मध्ये ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा महाबळेश्वरला उभारली.

नोंदवहीत खोडरबर चालत नाही. चूक एका रेघेने, वाचता येईल अशीच खोडायची असते. रुजू झाले त्या दिवशी जुनी वही काढून पाहिली. रेघेखालचे ‘नादुरुस्त’ स्वच्छ वाचता येत होते. 8.30 वाजले, म्हणून मी छत्री घेऊन बाहेर गेले. दोन्ही पारे सारखे होते. आकडे लिहिले, सही केली आणि शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला.