दवाखान्यातले आपले कागद

नमस्कार श्रोतेहो. आपल्या सोलापुरात घरोघरी खिळ्याला एक पिशवी लटकलेली असते. साडीच्या दुकानाची, नाहीतर मेडिकलवाल्यानं दिलेली. तिच्यात घरातली सगळी दुखणी असतात. सोनोग्राफीचा लिफाफा, रक्त-लघवीचे रिपोर्ट, कधीची तरी गोळ्यांची चिठ्ठी, आणि घडीवर फाटलेलं डिस्चार्ज कार्ड. आपल्याला वाटतं, झाला तेवढा इलाज या पिशवीत आहे. मी एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात बावीस वर्षं काम केलं, त्यावरून सांगते, पिशवीत असतं ते थोडं. खरी हकीकत फाईलमध्ये असते, आणि फाईल दवाखान्यातच राहते.

माझ्या थोरल्या भावाचं, अण्णाचं, हर्नियाचं ऑपरेशन इथल्याच एका खाजगी दवाखान्यात झालं. ऑपरेशन चांगलं झालं. रात्री मात्र एक इंजेक्शन दिल्याबरोबर त्याच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली. डॉक्टर धावत आले, त्यांनी सावरलं. चौथ्या दिवशी अण्णा घरी आला. कार्डावर लिहिलं होतं, ऑपरेशन केलं, प्रकृती ठीक, आठ दिवसांनी टाके. त्या रात्रीबद्दल एक अक्षर नाही.

दीड वर्षानं दुसऱ्या ऑपरेशनसाठी त्याला पुण्याला न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का? वहिनी म्हणाली, आहे, पण नाव माहीत नाही. पांढरं इंजेक्शन होतं. डॉक्टर म्हणाले, आधी नाव काढून आणा, मग तारीख देतो. आणि बरोबरच होतं त्यांचं.

मग सुरू झाले हेलपाटे. पुतण्या तीन वेळा गेला. एकदा कळलं, डॉक्टर बाहेरगावी गेलेत. एकदा, फार जुनं आहे, आता कुठं शोधायचं. तिसऱ्यांदा, फाईल सापडत नाही. मला हे उशिरा कळलं. मी अर्ज लिहिला, स्वतः नेऊन दिला, पोच घेतली. तिसऱ्या दिवशी सतरा पानांच्या झेरॉक्स हातात आल्या. अकराव्या पानावर सिस्टरची नोंद होती. ९.४० ला सेफ्ट्रिॲक्सोन शिरेतून. ९.५० ला अंगावर गांधी, धाप, इंजेक्शन थांबवलं, डॉक्टरांना कळवलं. खाली सही. ती सही मला लागली नाही. पण रात्रीच्या त्या धावपळीत जिनं घड्याळ बघून ही ओळ लिहिली, तिचे उपकार आमच्या घरावर आहेत. आणि ही ओळ दीड वर्ष आमच्यापासून चार गल्ल्यांवर एका कपाटात पडून होती, याची हळहळ अजून जात नाही.

श्रोतेहो, आपली फाईल मागणं म्हणजे कुणाकडे मेहेरबानी मागणं नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे नियम २००२ सालचे आहेत. त्यात स्पष्ट लिहिलंय की ॲडमिट झालेल्या रुग्णाचे कागद इलाज सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपून ठेवायचे, आणि रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागितले, तर ७२ तासांत द्यायचे. न देणं हा त्या नियमांत गैरवर्तनाचा प्रकार धरलाय. त्याच्याही आधी, १९९६ साली, मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं होतं की गुप्ततेचं कारण पुढं करून रुग्णाला त्याचेच कागद नाकारता येणार नाहीत. मूळ फाईल दवाखान्याची, ती ते देणार नाहीत. आपल्याला नक्कल मिळते, झेरॉक्सचा खर्च आपण द्यायचा.

पण नियम ३ वर्षांचाच आहे, हे ध्यानात ठेवा. म्हणून गरज पडल्यावर पळू नका. ऑपरेशन झालं, बाळंतपण झालं, आयसीयूत राहून आलात, की महिन्याभरात नक्कल मागून घ्या. नुसतं तपासायला गेलात तर हा नियम लागू होत नाही. तिथं चिठ्ठीचा आणि केस पेपरचा त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढायचा.

माझ्याकडे येणारी माणसं सगळ्यात जास्त कशाला भीत होती सांगू? डॉक्टर रागावतील याला. विडी वळणाऱ्या एक मावशी दारात उभ्या राहून मला म्हणाल्या होत्या, ‘बाई, ज्यांनी पोराला वाचवलं त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं होईल.’ मी त्यांना सांगितलं तेच तुम्हाला सांगते. पुढच्या डॉक्टरला मागच्या डॉक्टरनं काय केलं ते कळावं, एवढाच याचा अर्थ. चांगल्या डॉक्टरांना हे पटतं, कारण तेही पेशंटला विचारतात, जुनी फाईल कुठाय?

मागताना नुसतं ‘रिपोर्ट द्या’ म्हणालात तर रक्ताचे दोन कागद हातात पडतील. संपूर्ण इनडोअर केस पेपर म्हणा, म्हणजे ॲडमिट असतानाची सगळी फाईल. त्यात ऑपरेशनची नोंद, भूल दिल्याची नोंद, सिस्टरचा तक्ता आणि औषधांचा तक्ता येतो. सीटी स्कॅन, एमआरआयची सीडी वेगळी मागा. ईसीजीच्या पट्टीची झेरॉक्स तर घरी आल्या आल्या काढा. तो कागद उष्णतेनं उमटणारा असतो, शाई नसते त्याच्यावर. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली पट्टी काळवंडते, नाहीतर कोरी होते. हार्टच्या पेशंटची पहिली पट्टी अशी गेलेली मी कितीदा पाहिलीय.

सरकारी रुग्णालयात केस पेपर नंबर आणि ॲडमिट झाल्याची तारीख हे दोन आकडे हवेतच. आपल्या सिव्हिलला अक्कलकोट, बार्शी, तुळजापूर, पार विजयपूरकडून पेशंट येतात. नंबर नसेल तर त्या ढिगातून नाव शोधणाऱ्याचे हाल होतात. साध्या अर्जानं काम झालं नाही, तर माहितीचा अधिकार आहे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. त्यात ३० दिवसांची मुदत असते. खाजगी दवाखाना ऐकत नसेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते, जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. शहरातल्या शुश्रूषागृहांची नोंदणी महापालिका करते, तिथल्या आरोग्य विभागालाही लिहिता येतं. पण बहुतेक वेळा एवढं लागत नाही. लेखी अर्ज समोर आला की हरवलेली फाईल सापडते.

आता कागद-पेन घ्या. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर शाळेत जाणाऱ्या पोराला बसवा लिहायला. सावकाश सांगते.

वर दवाखान्याचं नाव आणि ‘वैद्यकीय अधीक्षक’. विषय, माझ्या केस पेपरची नक्कल मिळण्याबाबत. मग लिहा (आयपीडी नंबर म्हणजे ॲडमिट झाल्यावर मिळालेला नंबर): मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपल्याकडे ॲडमिट होतो. माझा आयपीडी नंबर अमुक. माझ्या संपूर्ण इनडोअर केस पेपरची, सर्व तपासण्यांसह, नक्कल ७२ तासांत द्यावी. झेरॉक्सचा खर्च मी देईन. सोबत आधारची प्रत जोडली आहे. खाली नाव, सही, मोबाईल नंबर. पेशंटला उठवत नसेल तर ‘माझ्या वतीनं अमुक यांना कागद द्यावेत’ अशी ओळ घाला आणि त्या माणसाच्या आधारची प्रतही लावा. पेशंट लहान मूल असेल तर आई किंवा वडिलांनी सही करायची.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक त्यांना द्या. दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळ लिहून घ्या. वेळ विसरू नका, ७२ तास तिथून मोजायचे आहेत.