पंख पसरून बसणाऱ्या टाचण्या

[दृश्य: पाण्याकडेचं लव्हाळं. काडीला धरून बसलेली एक टाचणी, बाजूने.]

टाचणी म्हणजे चतुरासारखाच, पण सडपातळ कीटक. हिची बसण्याची ढब आधी नीट बघा. अंग तिरकं खाली सोडलंय आणि चारही पंख अर्धवट उघडे आहेत. चतुर बसताना पंख आडवे सपाट पसरतो. बहुतेक टाचण्या पंख मिटून पाठीवर जुळवून ठेवतात. ही दोन्हीच्या मधली. हे कुळ लेस्टिडी. जगभरात त्याच्या सुमारे दीडशे जाती आहेत. लांबी साधारण तीन ते सहा सेंटिमीटर, म्हणजे टाचण्यांमध्ये अंगाने थोराड.

पण नुसत्या बैठकीवर विसंबून चालत नाही. पाण्यातून नुकतीच बाहेर आलेली, अंग अजून मऊ असलेली टाचणी पंख मिटूनच बसते. रात्री आणि खराब हवेतही ती पंख मिटते. उलट, पंख पसरून बसणारी टाचण्यांची आणखीही काही कुळं आहेत.

[दृश्य: पंख अगदी जवळून.]

म्हणून पंखच जवळून बघू. टोकाजवळचा हा गडद ठिपका लांबट आहे, शिरांच्या जाळीतली खालची दोन किंवा त्याहून जास्त घरं व्यापणारा. आता पंखाच्या पुढच्या कडेवर या. इथे शिरांचा एक ठळक सांधा दिसतो, त्याला नोडस म्हणतात. ज्या टाचण्या आपल्याला नेहमी दिसतात, त्यांच्या पंखातल्या मधल्या लांब शिरा या सांध्याच्या आसपास फुटतात. इथे त्या बऱ्याच अलीकडे, पंखाच्या मुळाकडे फुटल्यात. या शिरा दिसल्या की कुळाबद्दलची शंका बरीच कमी होते.

जात ओळखणं मात्र अवघड आहे. तरुणपणी अंगावर हिरवी किंवा तांबूस धातूची झळाळी असते. पुष्कळ जातींत नर वयात आला की त्याच्या अंगावर मेणाची निळसर पांढरी पूड धरते आणि खालच्या खुणा झाकल्या जातात. एकाच जातीचे दोन नर, एक कोवळा आणि एक जून, शेजारी बसले तर वेगळ्या जातींचे वाटावेत.

[दृश्य: नराच्या पोटाचं टोक, वरून.]

अशा वेळी पोटाच्या टोकाकडे वळायचं. नराला इथे चिमट्यासारखी दोन वाकडी उपांगं असतात, आतल्या बाजूने दातेरी. त्यांच्यामध्ये खाली आणखी एक छोटी जोडी असते, आणि खरा भेद तिच्यात आहे. लेस्टिस स्पॉन्सा आणि लेस्टिस ड्रायस या दोन जाती युरोपात आणि आशियात एकाच तळ्यावर सापडू शकतात. दोघांचे डोळे निळे, अंग हिरवं. स्पॉन्साची खालची जोडी सरळ असते, ड्रायसची टोकाला रुंद होऊन आत वळते. स्पॉन्साच्या पोटाचा दुसरा खंड पूर्ण निळसर असतो, ड्रायसमध्ये त्याचा मागचा भाग हिरवाच राहतो. फोटो काढणाऱ्यांना सांगायचं ते एवढंच: एक फोटो बाजूने काढा आणि एक पोटाच्या टोकाचा, बरोब्बर वरून. दुसरा नसेल तर पुष्कळदा जात ठरवता येत नाही.

हे टोक इतकं वेगळं का, ते जोडी जमताना कळतं. नर याच उपांगांनी मादीला मानेमागे धरतो. त्यांचा आकार आणि तिच्या अंगाची ठेवण जुळावी लागते.

[दृश्य: जोडी. मादी पोट वाकवून देठात अंडी घालते आहे.]

या टाचण्यांच्या आयुष्यातला मला सगळ्यात विलक्षण वाटणारा भाग इथून सुरू होतो. मादीच्या पोटाखालच्या या जाड अवयवाला आत दातेरी पाती असतात. त्या पात्यांनी ती देठ चिरते आणि अंडं आत सरकवते. थोडी खाली सरकते, पुन्हा चिरते. नर बहुधा तिला धरूनच असतो. स्पॉन्साच्या जोड्या तर देठावरून उतरत कधी कधी पाण्याखालीही जातात. कॅल्कोलेस्टिस व्हिरिडिस ही युरोपातली जात पाण्यावर झुकलेल्या फांद्यांच्या सालीत अंडी घालते. तिथे साल फुगते आणि ते व्रण पुढे बराच काळ राहतात. वसंतात त्या फांदीतून पिल्लू बाहेर पडतं आणि थेट पाण्यात पडतं. जमिनीवर पडलं, तर उसळ्या घेत पाणी गाठतं.

थंड प्रदेशात बहुतेक जातींचा हिवाळा अंड्यातच जातो. आत जीव बराचसा तयार होतो आणि मग वाढ थांबवून थांबून राहतो. तोवर तळं आटतं, देठ वाळतात, कोलमडतात. ते देठ पुन्हा भिजले आणि पाणी कोमट झालं, की अंडी फुटतात.

[दृश्य: पाण्याखाली डिंभ, लांब आणि सडपातळ.]

पाण्यातलं हे बाळरूप म्हणजे डिंभ. शेवटाला पानांसारखे तीन कल्ले. शत्रूने एखादा पकडला तर तो तोडून डिंभ निसटतो, पुढच्या कातींबरोबर नवा येतो. लेस्टिस गटातल्या जातींच्या डिंभाचा खालचा ओठ भलताच लांब, घडी घातली की मागच्या पायांच्या मुळापर्यंत पोचणारा. तो झटक्यात पुढे फेकून डिंभ भक्ष्य धरतो. तळं आटायच्या आत वाढ पुरी करायची, म्हणून तो सतत हिंडतो, सतत खातो. दोन-तीन महिन्यांत पंख घेऊन बाहेर. हेच हिंडणं माशांच्या नजरेत भरतं. आटणाऱ्या डबक्यात मासे टिकत नाहीत, म्हणून ते डबकं या टाचण्यांना मानवतं. डास कमी व्हावेत म्हणून अशा पाण्यात मासे सोडले, तर आधी हे डिंभ संपतात. डिंभ स्वतःही डासांच्या अळ्या खातात, हे तिथे कुणी लक्षात घेत नाही याचं फार वाईट वाटतं.

उष्ण प्रदेशातल्या काही जाती कोरडा काळ अंड्यात काढत नाहीत. प्रौढ टाचण्याच झुडपांत फिकट रंगात थांबतात. पाऊस पडला की रंग चढतो, जोड्या जमतात.

[दृश्य: वाळलेलं गवत. फ्रेममध्ये टाचणी आहे, पण पटकन दिसत नाही.]

युरोपातली सिंपेक्मा फुस्का हिवाळाही प्रौढ रूपातच काढते. उन्हाळ्याच्या शेवटी बाहेर आलेली टाचणी थंडीवाऱ्यात गवताला चिकटून राहते आणि वसंतात अंडी घालते, तीही पाण्यावर तरंगणाऱ्या मेलेल्या वनस्पतींत, कारण हिरवी अजून वर आलेली नसते. रंग वाळल्या काडीचा. आणि ही याच कुळातली असूनही पंख मिटून, अंगाच्या एका बाजूला घेऊन बसते. ओळखायचं तर मिटलेल्या पंखांवरचे ठिपके बघा: पुढच्या आणि मागच्या पंखाचे ठिपके एकमेकांवर येत नाहीत, एक पुढे आणि एक मागे असे वेगवेगळे दिसतात.