माळ्यावरचे संगणक आणि शंभर पौंडांची लक्ष्मणरेषा

(इंग्लंडमधल्या एका मराठी मंडळाच्या मासिक व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाशय, कार्यकारिणी आणि रविवारची दुपारची झोप मोडून आलेले आपण सगळे, नमस्कार. हॉल साडेपाचपर्यंतच आपला आहे, नंतर झुंबावाल्या येतात, असं चिटणीसांनी मला आल्या आल्या बजावलंय. म्हणून प्रस्तावना करत नाही. चिटणीस हसताहेत, कारण ते मला ओळखतात.

फलकावर विषय लिहिलाय, 'शंभर पौंडांच्या आत जुना होम कॉम्प्युटर कसा घ्यावा'. सिंक्लेअर स्पेक्ट्रम, कमोडोर ६४, बीबीसी मायक्रो, अ‍ॅमस्ट्रॅड, अ‍ॅकॉर्न इलेक्ट्रॉन ही सगळी १९८०च्या दशकातली मंडळी. कीबोर्डच्याच पोटात अख्खा संगणक. घरच्या टीव्हीला जोडायचा आणि बेसिक नावाच्या संगणकभाषेत प्रोग्रॅम लिहायला बसायचं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वेळ संपला तरी फसवलं असं कुणी म्हणायला नको. ज्या यंत्राचे सुटे भाग आजही कुणीतरी नवे बनवतंय, तेवढंच यंत्र स्वस्त. बाकीची फुकट मिळाली तरी महाग.

आता मला सांगा, बीबीसी मायक्रो भारतात शाळेत असताना कुणी कुणी पाहिलाय? हात वर करा. वा, बरेच आहेत की! बाकीच्यांसाठी सांगतो. १९८४-८५ साली केंद्र सरकारने शाळांमध्ये संगणक साक्षरतेचा 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला आणि निवडक शाळांत केंब्रिजच्या अ‍ॅकॉर्न कंपनीची ही यंत्रं दाखल झाली. म्हणजे आपल्यातल्या कित्येकांना विलायत पहिल्यांदा भेटली ती शाळेच्या एसी खोलीत, चपला बाहेर काढून. संगणकाला चपलांचा नेमका काय त्रास होतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही. एका यंत्रापुढे चौघे, आणि कीबोर्डवर हात कायम सरांच्या लाडक्याचा. मी चौथा. वरच्या ओळीतल्या त्या लालभडक फंक्शन कळांपैकी एकही कळ मला शाळा सुटेपर्यंत दाबायला मिळाली नाही. आता गॅरेजमध्ये जातो आणि वाटेल तेव्हा दाबतो. काही होत नाही दाबून, पण दाबतो. मागच्या रांगेतले काका मान डोलावताहेत, तेही चौथेच असणार.

आमचे चिरंजीव म्हणतात, बाबा, फोनवर या यंत्रांची हुबेहूब नक्कल करणारा एम्युलेटर फुकट मिळतो. मिळतो ना! गाणंही सगळं यूट्यूबवर आहे, तरी पुणेकर डिसेंबरात शाल गुंडाळून सवाईला जातातच.

तर, विषयाकडे येण्याआधी माझी एक तक्रार आहे आणि ती जरा लांब आहे. तीस-पस्तीस वर्षं माळ्यावर पडलेलं यंत्र विकायला काढलं की लोक पहिली गोष्ट कोणती करत असतील, तर ते प्लगला लावतात. का, तर गिऱ्हाइकाला 'चालतं' म्हणून सांगता यावं! अहो, तीस वर्षं झोपलेल्या माणसालासुद्धा उठल्या उठल्या जिना चढायला लावू नये.

एका निवृत्त मास्तरांनी स्थानिक जाहिरातीत बीबीसी मायक्रो विकायला काढला होता. 'स्वतः येऊन न्यावा' ही अट. ही अट दिसली की आनंद मानावा, कारण पोस्टाने मागवणारे सगळे तिथेच गळतात आणि भाव जमिनीवर राहतो. शिवाय पोस्टात ढिल्या पॅकिंगमुळे कीबोर्डचे कोपरे तुटतात, तेही टळतं. मी फोनवर हात जोडून सांगितलं, मास्तर, मी येईपर्यंत यंत्र लावू नका. ते म्हणाले, छे छे, मुळीच नाही. जाऊन पाहतो तर टेबलावर इस्त्रीचा टेबलक्लॉथ, त्यावर यंत्र, शेजारी टीव्ही, आणि यंत्र चालू! 'चांगलं अर्ध्या तासापासून चाललंय,' मास्तर अभिमानाने म्हणाले. पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के', त्याखाली 'बेसिक', आणि कर्सर लुकलुकतोय.

तुम्हाला म्हणून सांगतो, मी दोन पावलं मागे सरलो. या यंत्राच्या पॉवर सप्लायमध्ये, विजेतला खरखराट गाळण्यासाठी, मेन्सवर, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेवर, कपॅसिटर नावाचे दोन छोटे भाग बसवलेले असतात. पिवळसर पारदर्शक कवच, आत कागदाच्या घड्या. वर्षानुवर्षांनी कवचाला केसाएवढ्या भेगा पडतात, भेगांतून ओल आत शिरते, कागद ती शोषून घेतो, आणि मग एके दिवशी मेन्सची वीज मिळाली की आधी तो निमूट तापत राहतो. दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास.

मास्तरीणबाई चहाचा ट्रे घेऊन आत आल्या आणि फट् झालं. झाकणाच्या फटींतून पांढरा धूर, तोही असा चिवट की पडद्यांत जाऊन बसला. वास म्हणाल तर जळका मासा अधिक लवंगी फटाका. छतावरचा अलार्म कोकलायला लागला. मास्तर टेबलक्लॉथने वारा घालताहेत, बाई खिडक्या उघडताहेत, मी प्लग उपटायला धावतोय. आणि गंमत पाहा, या सगळ्या धामधुमीत पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के' तसंच, कर्सर लुकलुकतोच आहे. कारण हा कपॅसिटर फक्त गाळणीचं काम करतो; तो गेला म्हणून संगणकाचं काही अडत नाही.

मास्तर खुर्चीत बसले आणि म्हणाले, 'संपलं. असाच घेऊन जा, पैसे नकोत.'

आता इथे संग्राहकाची परीक्षा असते. कोकणस्थ असतील त्यांनी काय केलं असतं ते मनातल्या मनात सांगा, मोठ्याने नको, आपल्यात सगळे आहेत. मी सांगून टाकलं की मास्तर, एक-दोन पौंडांचा भाग आहे, अर्ध्या तासाचं सोल्डरिंग, तुमचं यंत्र ठणठणीत आहे. मास्तरांचा चेहरा उजळला. म्हणाले, 'म्हणजे हे चांगलं आहे? मग मी विकतच नाही!'

चहा पिऊन रिकाम्या हाताने परत आलो. पुढच्या आठवड्यात बाईंचा फोन. यंत्र घेऊन जा, किमतीचं काय ते बघू, पण माळ्यावरचं बाकीचं सगळंसुद्धा न्यावं लागेल. बाकीचं म्हणजे फ्लॉपी ड्राइव्ह, मॉनिटर, तीन खोकी मासिकं, कॅसेटी आणि प्रत्येक केबल. केबली वेगळ्या घ्यायला गेलात तर यंत्राइतकेच पैसे पडतात, हे त्या माउलीला ठाऊक नव्हतं. हा सगळा संसार घेऊन मी घरी आलो, त्यावर स्वागत काय झालं, ते या व्यासपीठावरून सांगत नाही. तुमच्या वहिनी समोर बसल्यात.

चिटणीस हाताची दहा बोटं दाखवताहेत. नमस्कार करताहेत असं मी क्षणभर समजलो होतो. दहा मिनिटं! ठीक आहे, आता मुद्द्याचं भराभर सांगतो.

पहिला संगणक घ्यायचा तर स्पेक्ट्रम घ्या. एप्रिल १९८२मध्ये आला तेव्हा १६के मेमरीचा १२५ पौंडांना आणि ४८केचा १७५ पौंडांना होता. रबरी कळांखालचा पातळ प्लॅस्टिकचा पडदा, म्हणजे मेंब्रेन, वयाने कडक होतो आणि त्याची पट्टी मोडते. त्यामुळे 'कळा चालत नाहीत' म्हणून लोक स्वस्तात काढून टाकतात. मेंब्रेन आज नवी मिळते, बसवायला स्क्रू-ड्रायव्हर पुरे. वरचं झाकण नवं मिळतं, कळांची रबरी चटई नवी मिळते, यूएलए नावाच्या मुख्य चिपचा पर्याय मिळतो, कोरा सर्किट बोर्डसुद्धा मिळतो. मी म्हणतो ते स्वस्त म्हणजे हे. फक्त अ‍ॅडॅप्टर सांभाळा. ९ व्होल्टचा हवा, आणि पिनच्या मधोमध ऋण, कडेला धन. बाजारातले बहुतेक अ‍ॅडॅप्टर बरोबर उलटे असतात. कॅसिओच्या कित्येक कीबोर्डांचेही स्पेक्ट्रमसारखेच, मधे ऋण. पण घरात सापडला म्हणून कुठलाही लावू नका, आधी त्यावरची खूण वाचा. उलटा लावलात तर भाग कुठले मिळतात, ते माझ्या भाषणात आलेलंच आहे.

जाता जाता, डेसिबेल्स नावाच्या कंपनीने स्पेक्ट्रम प्लसचा परवाना घेऊन तो भारतातही विकला होता. तुमच्या डोंबिवलीच्या किंवा कोथरूडच्या घरी कपाटावर 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' पडलेला असेल, तर आईला फोन करा. भंगारवाल्याच्या आधी.

कमोडोर ६४. यंत्र उत्तम, त्याची मूळ पॉवर वीट, म्हणजे विटेसारखा दिसणारा पॉवर सप्लाय, मात्र वैरीण. आत रेझिन ओतून ती बंद केलेली, उघडून दुरुस्त करता येत नाही. आतला व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला की ५ व्होल्टच्या जागी जास्त सोडतो आणि मेमरीच्या चिपा मारतो. यंत्र आनंदाने घ्या, वीट जपून ठेवा, पण लावू नका. नवा सप्लाय विकत घ्या आणि त्याचे पैसे पहिल्याच दिवशी शंभरात धरा.

अ‍ॅमस्ट्रॅड ४६४ला वीज त्याच्या मॉनिटरमधून मिळते, म्हणून मॉनिटर नसलेला कुणी घेत नाही. तुम्ही घ्या. त्याला ५ व्होल्टचा साधा अ‍ॅडॅप्टर चालतो. ६१२८ मात्र विचार करून घ्या: त्याला १२ व्होल्टही लागतात, आणि ३ इंची डिस्क ड्राइव्हच्या रबरी पट्ट्याचा आत डांबर झालेला असतो. पट्टा नवा मिळतो, डांबर पुसायला तुमचा शनिवार जातो.

इलेक्ट्रॉन हा बीबीसीचा धाकटा भाऊ. १९८३च्या नाताळात दुकानांत मिळेना, आणि मागून आला तेव्हा घेणारे उरले नव्हते. कीबोर्ड सुंदर, अजूनही तुलनेने स्वस्त. पण जवळजवळ सगळा कारभार एका मोठ्या चिपच्या हाती, आणि तिला पर्याय स्पेक्ट्रमइतक्या सहज मिळत नाही. चालू स्थितीत डोळ्यांनी पाहून घ्या. अमिगा ५०० घ्यायला गेलात तर पोटाखालचं झाकण आधी उघडा. मेमरी वाढवायच्या कार्डावर चार्ज होणारी बॅटरी असेल आणि भोवती हिरवं-निळं साचलेलं असेल, तर कार्डाची किंमत शून्य धरून बोला.

रंग पिवळा पडलाय म्हणून नाक मुरडू नका, उलट भाव पाडा. पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवून पांढरं करतात, पण पिवळेपणा पुष्कळदा परत येतो आणि इथे ऊनही कुठे आहे? 'दुर्मीळ' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेली जाहिरात सोडून द्या. लाखोंनी खपलेलं यंत्रच घ्या, कारण सुटे भाग बनवणारे त्याच्याच वाटेला जातात.

कुणीतरी मघाशी विचारलं, भारतात नेता येईल का? ब्रिटिश यंत्राला आपल्याकडची वीज आणि टीव्हीची 'पाल' पद्धत, दोन्ही चालतात. अमेरिकेतल्या मेहुण्याकडून आणलेल्या यंत्राचं तसं नाही, तिथे १२० व्होल्ट आणि टीव्हीची पद्धतही निराळी. मात्र पार्सलने पाठवू नका. वापरलेल्या संगणकांच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत, आणि कस्टमच्या साहेबांना स्पेक्ट्रम म्हणजे काय ते समजावत बसावं लागेल.

झालं, झालं, घंटा ऐकली मी. चहाच्या टेबलाशी मी मल्टिमीटर घेऊन उभा राहतो. निमंत्रणात लिहिल्याप्रमाणे ज्यांनी घरचे अ‍ॅडॅप्टर आणलेत त्यांनी रांगेत यावं, आधी कमोडोरवाले. आणि कृपा करून, तोवर कुणीही काहीही भिंतीला लावायचं नाही.