ॲन रेडपाथ आणि भूमध्यसागराचे डोंगर

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे ॲन रेडपाथ या स्कॉटिश चित्रकर्तीबद्दल. तिचा जन्म १८९५ सालचा, गॅलाशील्स गावातला. वाढली शेजारच्या हॉइकमध्ये. दोन्ही गावं लोकरीच्या कापडाची, आणि वडील ट्वीडचे, म्हणजे जाड लोकरी कापडाचे डिझायनर.

एडिंबराच्या कला महाविद्यालयात शिकताना तिने शिक्षिकेचंही प्रशिक्षण घेतलं. १९१९मध्ये प्रवासाची शिष्यवृत्ती मिळाली आणि ती इटलीत पोचली. सिएनामधल्या चौदाव्या शतकातल्या चित्रांनी तिला वेड लावलं. त्या चित्रांत दूरचं गाव धूसर होत नाही. डोंगर, तटबंदी, घरं एकावर एक रचल्यासारखी समोर उभी राहतात.

पुढच्याच वर्षी वास्तुविशारद जेम्स मिचीशी लग्न झालं. महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमींचं त्याचं काम होतं, म्हणून संसार फ्रान्समध्ये थाटला. नंतर दक्षिणेला, भूमध्यसागराच्या काठी कॅप फेराला. तीन मुलगे झाले. आसपासच्या निसर्गाची काही जलरंगचित्रं सोडली, तर या चौदा वर्षांत चित्रकला मागेच पडली. ती घर सजवायची, कपाटां-खुर्च्यांवर फुलं-पक्षी रंगवायची. ही वर्षं वाया गेली असं मला मुळीच वाटत नाही. तो सगळा अनुभव पुढे चित्रांत उतरला, असं तिनेच म्हटलं आहे.

१९३४मध्ये ती हॉइकला परतली आणि झपाट्याने रंगवू लागली. १९५२मध्ये रॉयल स्कॉटिश अकादमीची पूर्ण सभासद झाली. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री चित्रकार.

आणि मग १९५४, भूमध्यसागरातलं कॉर्सिका बेट. वय एकोणसाठ. ही चित्रं मला सर्वांत जवळची वाटतात. पर्यटकांचा निळाशार समुद्र त्यांत शोधू नका. समोर येतो तो रखरखीत डोंगर आणि त्याच्या अंगावर चढत गेलेली घरं, थेट सिएनाच्या चित्रांसारखी. पारदर्शक जलरंगाबरोबर ती अपारदर्शक रंगही वापरते, त्यामुळे भिंतींचा खडबडीतपणा कागदावर जाणवतो. करड्या रंगात मध्येच लाल किंवा पिवळा ठिपका येतो. वडील ट्वीडमध्ये जे करायचे, तेच मी करते, असं ती सांगायची. दक्षिणेचं ऊन रंगवणारी ही नजर लोकरीच्या गावात घडली होती.

त्यानंतरही ती पोर्तुगालला गेली, व्हेनिसला गेली. तब्येत साथ देत नसतानाही तिने हातातला ब्रश खाली ठेवला नाही. १९६५च्या जानेवारीत एडिंबरात तिचं निधन झालं.