वीव्ह आणि निट

श्रोतेहो, नमस्कार. आपण चादरही विणतो आणि स्वेटरही विणतो. इंग्रजीत मात्र चादरीला वीव्ह आणि स्वेटरला निट. पुन्हा सांगते, मागावर वीव्ह, सुयांवर निट.

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादर कारखानदारांची गोष्ट सांगते. त्यांच्याकडे परदेशातून चादरींची चौकशी आली. कॉलेजात जाणाऱ्या नातीनं उत्तर लिहिलं आणि चादरींना 'निटेड' म्हटलं. लगेच तिकडून विचारणा, आम्हाला जेकार्डच्या, म्हणजे मागावरच नक्षी विणलेल्या चादरी हव्यात, तुम्ही निटिंगचं काम करता का? आजोबा तिला थेट मागाजवळ घेऊन गेले. एका चादरीच्या दशांजवळचा आडवा दोरा सुईनं उचलून म्हणाले, "ओढ की गं." दोरा आला, पण एकटाच. बाकीची चादर जागची हलली नाही. मग घरून जुना स्वेटर मागवला, कडेची गाठ सोडली. "आता ह्यो ओढ." सरसर ओळीमागून ओळ उसवली, पोरीच्या मांडीवर नागमोडी लोकरीचा ढीग! आजोबा म्हणाले, "चादरीत ताणा उभा, बाणा आडवा, दोघं एकमेकांना धरून बसत्यात. स्वेटरात एकच दोरा, टाक्यात टाका अडकवलेला." नातीनं त्याच संध्याकाळी पत्र दुरुस्त केलं, 'वोव्हन' लिहिलं, आणि तिकडून नमुना मागवला गेला.

तर ताणा-बाणा असेल तिथं वीव्ह, एकाच दोऱ्याचे टाके असतील तिथं निट. बनियन, मोजे अंगासरशी ताणतात ते निट असल्यामुळं.

आपल्या जुन्या मिलचं नावच होतं सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आधी सूतकताई, मग मागावरचं काम. रूपं ऐका: वीव्ह, वोव्ह, वोव्हन. निटचं भूतकाळी निट किंवा निटेड, दोन्ही चालतं. लिहिताना सुरुवातीचा 'के' विसरू नका, तो उच्चारत नाहीत इतकंच. मोडलेलं हाड सांधतं त्यालाही निट म्हणतात. गर्दीतून गाडी वळणं घेत काढणं हेही वीव्ह, पण तिथं भूतकाळ सहसा वोव्ह नाही, वीव्हड.

आणि टेरी टॉवेल? त्यावर फासे दिसतात, म्हणून त्याला निट म्हणू नका. त्यात ताणे दोन असतात, एक ताठ, एक सैल. सैल ताण्याचेच ते फासे उठतात. आपला टॉवेल मागावरचाच. वोव्हन.