लिलावातली कोंबडी

[दृश्य: भात कापून झालेली शेतं, नवापूर तालुका]

नंदुरबार जिल्ह्याचं हे पश्चिम टोक. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. इथं भात पिकतो, तूर पिकते. दिवाळी सरली की कितीतरी घरांना कुलूप लागतं. माणसं ऊसतोडीला बारडोलीकडे निघतात आणि पोरं आश्रमशाळेत किंवा आजीपाशी राहतात.

अशा गावातल्या संडे स्कूलमध्ये, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात, दान शिकवायचं म्हणजे पंचाईतच. एरवी काय होतं, ते चर्चच्या सगळ्या मंडळ्यांना ठाऊक आहे. उपासनेला निघताना आई पोराच्या हातात नाणं ठेवते, दानाची थैली समोर आली की पोरगं ते टाकतं. त्यात त्याचं काय गेलं? तो नुसता हमाल.

म्हणून इथल्या बाई नाण्याचा विषयच काढत नाहीत. 'तुझं स्वतःचं काय आहे?' एवढंच विचारतात. आधी वर्ग गप्प. मग एकेक निघतं. कुणी उन्हाळ्यात पहाटे उठून मोहाची फुलं वेचली होती. कुणाच्या नावावर घरात एक कोंबडी आहे. आता दशमांशाचं, म्हणजे मिळकतीतला दहावा भाग देवाला देण्याचं, गणित फळ्यावर येतं, तेही मोहाच्या टोपल्यांत.

[दृश्य: शेताच्या बांधावर मुलं]

बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आज्ञा आहे: शेताची कड कापू नका, सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेलं धान्य, वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. बायबलमधली गरीब विधवा रूथ असाच सरवा वेचून जगली. शहरातल्या वर्गात हे समजावत बसावं लागेल. इथं भुईमूग काढून झालेल्या शेतात शेंगा वेचलेली पोरं समोरच बसलेली असतात. त्यांचा प्रश्न सरळ असतो: 'बाई, सरवा वेचणारे तर आम्हीच. मग आम्ही कुणाला द्यायचं?'

यावर मंदिरात दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेची गोष्ट येते. येशूनं तिनं टाकलेले पैसे मोजले नाहीत, तिच्या हातात मागे काय उरलं ते पाहिलं. पण मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात या गोष्टीच्या लगेच आधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना, म्हणजे धर्मशास्त्र शिकवणाऱ्यांना, बोल लावतो. तेवढा भाग सोडून गोष्ट सांगितली, की ती गरिबाच्या खिशात हात घालायच्या कामी येते. तसे उपदेशकही असतात. बाई दोन्ही भाग वाचून घेतात, हे मला महत्त्वाचं वाटतं.

[दृश्य: हंगामाचा सण, वेदीपुढे धान्य, भोपळे, अंडी]

हंगामाच्या सणाला खरी मजा येते. उपासना संपली की अर्पणाचा लिलाव. भोपळा, तांदूळ, अंडी आणि पाय बांधलेली एक कोंबडी, जी पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, प्रार्थनेतही गप्प बसलेली नसते. बोली वाढते. एक काका कोंबडी घेतात, पैसे भरतात आणि पुन्हा लिलावाला परत देतात. दुसरी बोली लागते, दुसऱ्यांदा पैसे. ज्या मुलीनं ती आणली, ती पहिल्या रांगेत उभी राहून प्रत्येक बोली ऐकते.

एका जिनसेतून एवढं उभं राहतं, हे मिझोरामच्या मंडळ्यांना शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. तिथं 1910 पासून बाया प्रत्येक स्वयंपाकाला चर्चसाठी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. त्यातून मोठमोठी कामं उभी राहिली. खानदेशातल्या मंडळ्यांची सुरुवात मात्र परदेशातून आलेल्या पैशावर झाली. तो आधार कमी होत गेला, तसं आपल्या पाळकाचं मानधन आपणच द्यायचं हा प्रश्न दारात आला.

[दृश्य: वही]

पण देणं हा अर्धाच धडा. कारभारीपण, म्हणजे दिलेलं नीट सांभाळणं, त्यानंतर सुरू होतं. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना प्रेषित पौलानं ती नेण्यासाठी आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी नेमलेला माणूस घेतला, कुणी बोट दाखवू नये म्हणून. हे बायबलमधल्या दुसरे करिंथकर या त्याच्या पत्रात आहे, आठवा अध्याय. बाईंनीही हिशोबाची वही मुलांच्याच हाती दिली आहे. दोघं लिहितात, तिसरा तपासतो. महिन्याच्या शेवटी जमाखर्च मोठ्यानं वाचला जातो.

आज वाद पेटलाय. अर्ध्यांना वर्गासाठी नवी सतरंजी हवी. उरलेल्यांचं म्हणणं, ऊसतोडीहून आजारी परतलेल्या शेजाऱ्याच्या घरी तांदूळ पोहोचवायचे. बाई मधे पडत नाहीत. मुलं हात वर करून मतं मोजतात, आणि वहीवाला मुलगा म्हणतो, 'थांबा, आधी शिल्लक किती ते तर बघू द्या.'